डोंगरातील रानात पक्षिनिरीक्षणाची सकाळ

प्राथमिक शाळेच्या परिसर अभ्यासात पक्ष्यांवरील पाठ असतोच. बहुतेक शाळांतून तो भिंतीवरील तक्त्याच्या साहाय्याने घेतला जातो. तक्त्यावरील मोर, पोपट, खंड्या आणि घुबड ही सर्व मंडळी एकाच मापाची असतात, एकाच दिशेस तोंड करून बसलेली असतात, आणि प्रत्येकाच्या पायाशी त्याचे नाव छापलेले असते. मुले ती नावे पाठ करतात व परीक्षेत बिनचूक लिहितात. साधनांची वाण असलेल्या शाळेत असा पाठ झाला तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु ज्या शाळेच्या परसदारी सह्याद्रीचे रान उभे आहे, तेथेही पक्षी तक्त्यावरच शिकविले जावेत, हे काहीसे चमत्कारिक वाटते.

मुलांना रानात न्यावे असे अनेक शिक्षकांच्या मनात असते. पाऊल अडते ते बहुधा एकाच कारणाने. स्वतःस पक्ष्यांची नावे पुरती ठाऊक नाहीत, एखाद्या मुलाने “गुरुजी, हा कोणता?” असे विचारले तर काय सांगावे, हा संकोच. या लेखाचा हेतू तो संकोच दूर करणे हाच आहे. रानातील सकाळ मुलांना एक निराळी आणि अधिक कठीण गोष्ट शिकविते : जे पाहिले तेवढेच पाहिले म्हणावे, जे ऐकले तेवढेच ऐकले म्हणावे, आणि उरलेली जागा कोरी ठेवावी. ज्या शिक्षकाला नावे थोडी येतात, त्याच्या हातून हा पाठ कित्येकदा अधिक चांगला होतो, कारण तो उत्तर देण्याची घाई करीत नाही.

उदाहरणादाखल आंबोलीचे रान घेता येईल. आंबोली हे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यातील गाव. कोकणातून घाट चढून माथ्यावर येताच, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर ते लागते. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने जड झालेले वारे या कड्याला अडतात, वर चढताना थंड होतात आणि आपले ओझे येथेच टाकतात. वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस येथे पडतो. तोच वारा गडहिंग्लजकडे जाईपर्यंत त्याच्यापाशी फार थोडे पाणी उरते. भूगोलाच्या तासाला पर्जन्यछायेचा प्रदेश समजावून सांगताना शिक्षकांना जे फळ्यावर काढावे लागते, ते येथे पायांखाली आहे. येथेच उगम पावणारी हिरण्यकेशी नदी पश्चिमेचा समुद्र जवळ असूनही पूर्वेकडे वळते, घटप्रभेला मिळते आणि कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरास जाते. हिरण्यकेशीच्या उगमावरील देवळाच्या कुंडात एक लहानशी मासोळी राहते. पिढ्यान्‌पिढ्या ती लोकांच्या डोळ्यांसमोर होती. परंतु ती जगात इतरत्र नोंदली न गेलेली जात आहे, हे २०२० साली कळले आणि नदीचे नाव तिला मिळाले. २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाली. नित्य डोळ्यांसमोर असलेली वस्तू नीट पाहिली गेलेली असतेच असे नाही, हे मुलांना सांगण्यास एवढे उदाहरण पुरे आहे.

या पावसावर वाढलेले रान सदाहरित आहे. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा यांची दाट गर्दी असून माथ्यावर पानांचे छप्पर जवळजवळ सलग असते. असे रान म्हणजे तीन मजली वाडाच होय. वरच्या मजल्यावर, उन्हात, फळे खाणारे पक्षी राहतात : हिरवे कबुतर, धनेश, तांबटाचे हिरवे भाऊबंद. मधल्या मजल्यावरील अंधुक उजेडात किडे टिपणारे असतात. तळमजल्यावर, पाचोळ्यात, रानकोंबडा, चकोत्री, पाचू कवडा आणि सातभाई यांची वस्ती. कोणता पक्षी दिसला यापेक्षा तो कोणत्या मजल्यावर दिसला ही नोंद पुष्कळदा अधिक बोलकी असते, आणि ती करण्यास नाव ठाऊक असावे लागत नाही.

वाटाड्या कोण असावा, हा पहिला प्रश्न. शहरातून तज्ज्ञ येण्याची वाट पाहिली तर अनेक वर्षे निघून जातील. गावातच रानात जाणारी माणसे असतात. कोणी गुरे चारली आहेत, कोणी हिरडा आणि मध गोळा केला आहे, कोणी वनखात्याकडे मजुरी केली आहे. त्यांच्यापैकी ज्याचा पाय हळू पडतो आणि ज्याला मुलांचा कंटाळा नाही, असा एक गृहस्थ निवडावा. आज आंबोलीसारख्या ठिकाणी पक्षी दाखविण्याचा व्यवसाय करणारे जाणते तरुणही आहेत. त्यांची मदत मिळाल्यास उत्तमच. राखीव अथवा संरक्षित वनात जावयाचे असल्यास वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. पालकांची संमती तर घ्यावीच.

चाळीस मुलांचा वर्ग घेऊन पक्षी पाहता येत नाहीत. बारा मुले ही वरची मर्यादा समजावी, आणि उरलेल्या वर्गाला पाळीपाळीने न्यावे. पांढरे, तांबडे व चकचकीत कपडे टाळावेत. डोक्याला सुवासिक तेल लावून येऊ नये, असे काही जण सांगतात. पक्ष्यांना त्याचा फारसा उपद्रव होत नसावा, परंतु मधमाश्या आकर्षित होऊ शकतात, म्हणून पाळलेले बरे. पायांत बंद वहाणा असाव्यात आणि फांदीला हात लावण्यापूर्वी फांदी पाहावी. या रानात हिरव्या सापांची वस्ती आहे व ते पानांत सहसा ओळखू येत नाहीत. याहून अधिक तयारीची गरज नाही.

आता अशी एक सकाळ कशी जाते, ते पाहावे. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आहे. सकाळचे सहा वाजले आहेत. बारा मुले, त्यांचे गुरुजी आणि मुले ज्यांना आबा म्हणतात असे एक वृद्ध शेतकरी गावाच्या कडेला उभे आहेत. अजून अंधार आहे. मुलांना पुढे जाण्याची घाई झाली आहे, परंतु आबा त्यांना वाटेच्या तोंडाशीच खाली बसवितात.

“गप रवा,” आबा म्हणतात. “आधी कान, मगे डोळे.”

ही दहा मिनिटे सर्व सकाळीतील सर्वांत मोलाची असतात, आणि नेमकी तीच बहुतेक सहलींत वाया जातात. पहाटे हवा स्थिर असते, वाऱ्याने पाने हलत नाहीत, म्हणून आवाज दूरवर पोहोचतो. किडे गारठलेले असतात. अन्न शोधण्यास पुरेसा उजेड नसतो. तेव्हा पक्षी ती वेळ आपली हद्द पुकारण्यात घालवितात. प्रत्येक मुलाने डोळे मिटून हाताची मूठ करावी आणि नवा आवाज आला की एक बोट उघडावे, अशी युक्ती येथे उपयोगी पडते. आवाज कोणाचा हे विचारावयाचे नाही, किती निराळे आवाज आले एवढेच मोजावयाचे. बारा मुलांची बोटे सारखी होत नाहीत. कोणाची तीन, कोणाची सात. ज्याची तीन त्याचे चुकले असे मात्र नाही. त्याने दूरचे आवाज अजून वेगळे केलेले नाहीत, इतकेच. दुसऱ्यांदा मोजले की त्याचीही पाच होतात.

या वेळी दरीतून रानकोंबड्याची तुटक बांग येते. ती गावच्या कोंबड्यासारखी लांबत नाही, मध्येच खुडल्यासारखी थांबते. वरून तांबटाच्या हिरव्या भाऊबंदाची, ‘कुटुर्र, कुटुर्र’ अशी न थकणारी हाक सुरू होते, आणि एकाने सुरुवात केली की दुसरा, तिसरा उत्तर देतो. ओढ्याच्या बाजूने एक तीक्ष्ण ‘क्री’ ऐकू येते. तो शीळकरी कस्तूर, असे आबा सांगतात. पावसाळ्यात ओढ्याकाठी बसून तो जी शीळ घालतो, ती हुबेहूब रिकामटेकड्या मुलाने वाट चालताना घातलेल्या शिळेसारखी असते. इंग्रजांनी त्याला शीळ घालणारा शाळकरी पोरगा असे टोपणनावच दिले आहे. परंतु ते गाणे वीण सुरू झाल्यानंतरचे, पावसाच्या दिवसांतले. फेब्रुवारीत बहुधा नुसती ‘क्री’. मुलांनी गाणे ऐकण्याची इच्छा धरून आलेली असते. त्यांना जूनमध्ये पुन्हा यावे लागेल, हे गुरुजींनी स्पष्ट सांगणे योग्य.

उजेड होऊ लागतो आणि माणसे चालू लागतात. थोड्या वेळाने झाडांच्या वरून एक बारीक, लांब शीळ येते. एक चुणचुणीत मुलगी लगेच वही उघडून ‘सर्पगरुड’ असे लिहिते. तिने तो आवाज गावाच्या माळावर अनेकदा ऐकलेला आहे आणि तिचा कान खोटा नाही. इतक्यात तीच शीळ पुन्हा येते, तिच्यापाठोपाठ साळुंकीचा कलकलाट येतो, मग शिक्र्याचा आवाज, आणि हे सर्व एकाच फांदीवरून. तेथे एक काळा पक्षी बसलेला असून त्याच्या शेपटीतून दोन लांब तारा निघालेल्या आहेत व तारांच्या टोकांना पिसांचे दोन झुबके आहेत. हा भृंगराज. पुस्तकांतून त्याला पल्लवपुच्छ कोतवाल म्हणतात. इतर पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल करण्यात याचा हात धरणारा रानात दुसरा नाही.

“तू सर्पगरुड पाहिलास का?” गुरुजी विचारतात.

“नाही गुरुजी. ऐकला.”

“मग काय लिहावयाचे?”

मुलगी थोडा विचार करते, लिहिलेला शब्द खोडते आणि ‘सर्पगरुडासारखा आवाज’ असे लिहिते. गुरुजींनी तिला चुकीची म्हटले नाही आणि बरोबर उत्तरही सांगितले नाही. असा प्रसंग वर्गात मुद्दाम घडवून आणता येत नाही. तो रान घडविते. शिक्षकाने त्या क्षणी घाईने ज्ञान पाजळू नये, एवढेच पथ्य सांभाळावयाचे.

साडेसातच्या सुमारास ऊन झाडांच्या शेंड्यांवर येते. रानाच्या कडेला एक पांगारा पर्णहीन होऊन तांबड्या फुलांनी पेटलेला आहे. पक्षिनिरीक्षणास नवख्या मुलांसाठी असे फुललेले झाड हे सर्वांत चांगले ठिकाण होय, कारण येथे पक्षी शोधावे लागत नाहीत, ते येत राहतात. लाल गालांचा व टोकदार शेंडीचा शिपाई बुलबुल, मैना, चिमुकला शिंजीर, पानासारखा हिरवा हरेवा, अशी मधासाठी रीघ लागते. दुर्बीण असलीच तर ती येथे वापरावी. बारा मुलांत एक दुर्बीण पुरते. तिच्यावर ८ x ४० असे आकडे असतात; पहिला आकडा वस्तू कितीपट जवळ दिसते ते सांगतो, दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरांत सांगतो. मुले आधी दुर्बीण डोळ्यांना लावून मग पक्षी धुंडाळतात आणि त्यांना आभाळच दिसत राहते. उलट करावयास शिकवावे : नजर पक्ष्यावरून हलू न देता दुर्बीण वर उचलून डोळ्यांसमोर आणावी. हे साधण्यास पाच-सहा प्रयत्न लागतात. घरी खांबावरील खिळ्यावर सराव करता येतो.

पांगाऱ्यापाशी उभे असतानाच मागील दाट रानावरून एक विलक्षण आवाज जातो. लोहाराने मोठा भाता संथपणे दाबावा तसा : हुस्‌, हुस्‌, हुस्‌. पानांचे छप्पर सलग असल्यामुळे काहीच दिसत नाही. आवाज डोक्यावरून पुढे जातो आणि दरीत विरतो. मुले स्तब्ध होतात.

“ककणेर असतलो,” आबा हलकेच म्हणतात.

ककणेर म्हणजे धनेश. कोकणात काही ठिकाणी त्याला गरुडही म्हणतात. त्याच्या पंखांखालची आच्छादक पिसे इतर पक्ष्यांसारखी नसतात. त्यामुळे उड्डाणपिसांच्या फटींतून हवा वाहते आणि पंखांचा आवाज होतो. आता बाराही वह्यांत ‘धनेश’ हा शब्द उतरू पाहतो. सहलीतील सर्वांत मोठा पक्षी, आणि तो आपल्या यादीत नसावा, हे कोणत्याही मुलाला सहन होण्यासारखे नाही. गुरुजींनाही तो मोह होतोच. शाळेच्या अहवालात धनेश शोभून दिसला असता. शेवटी जी नोंद होते ती अशी : ‘७ वाजून ४० मिनिटे. पांगाऱ्याच्या मागील रान. मोठ्या पंखांचा आवाज, पश्चिमेकडे गेला. पक्षी दिसला नाही. आबा म्हणतात ककणेर.’ या पाच वाक्यांत पाहणे, ऐकणे आणि दुसऱ्याचे सांगणे ही तिन्ही निरनिराळी ठेवली आहेत. मोठ्या माणसांच्या जबान्यांतही हे भान क्वचितच आढळते.

धनेशाविषयी येथे थोडे अधिक सांगणे अवश्य आहे, कारण फेब्रुवारी-मार्च हा त्याच्या विणीचा आरंभकाळ. मादी जुन्या, मोठ्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा, फळांचा चोथा, माती अशा लेपाने तिचे तोंड आतून बंद करून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट राहते. त्यानंतर कित्येक आठवडे ती बाहेर येत नाही. वड, उंबर व इतर रानफळे नर घेऊन येतो आणि त्या फटीतून एकेक करून भरवितो. या काळात नराला काही झाले तर आतील मादी व पिले यांची उपासमार होते. धनेश फळे सबंध गिळतात व बिया दूरवर नेऊन टाकतात. त्यामुळे रानातील कित्येक मोठी झाडे त्यांनीच लावलेली असतात, असे म्हटले तरी चालेल. मात्र त्यांना घरट्यासाठी लागणारी ढोली तरुण झाडात नसते. सिंधुदुर्गातील पुष्कळसे रान खाजगी मालकीचे आहे, आणि लाकडासाठी तोड होते तेव्हा जुनी, पोकळ झाडे निरुपयोगी म्हणून आधी जातात. विद्यार्थ्यांपैकी काहींच्या घरचीच अशी राने असतात. शिक्षकाने यावर तेथे व्याख्यान देऊ नये. ढोलीचे झाड दाखवावे, तिच्यात काय चालते ते सांगावे आणि पुढे चालावे. मुले घरी बोलतात.

साडेआठनंतर पहाटेचा गजर थांबतो आणि नवख्या माणसास वाटते की आता सर्व संपले. वस्तुतः दाट रानातील सर्वांत गमतीचा प्रकार आता सुरू व्हावयाचा असतो. अर्धा तास एकही पक्षी दिसत नाही, आणि मग एकाएकी सभोवार पंधरा-वीस पक्षी दिसू लागतात, व तेही एका जातीचे नव्हेत. शेंदरी निखार शेंड्यांवरून सरकतो, एक सुतारपक्षी खोडावर ठोके मारतो, चिमुकले चष्मेवाले पानांच्या उलट बाजूला लटकतात, खाली सातभाई पाचोळा उलथतात आणि या सर्वांच्या मध्ये भृंगराज डौलाने बसलेला असतो. ही मिश्र टोळी होय. सुताराने साल उचकटली की किडे उडतात व ते दुसऱ्याला मिळतात. अनेक डोळे असले की शिक्रा लवकर दिसतो. भृंगराज पहाऱ्यासारखा ओरडतो, आणि इतरांनी उठविलेले किडे हवेतच टिपतो. म्हणजे त्याची चौकीदारी अगदी फुकट नाही. टोळी पाच-सात मिनिटांत निघून जाते. तिच्यामागे धावू नये. मुलांना आधीच तीन गटांत वाटून एका गटाला शेंडे, दुसऱ्याला खोडे व मधल्या फांद्या, तिसऱ्याला जमीन नेमून द्यावी. तरच एवढ्या थोड्या वेळात काही हाती लागते.

या बारा मुलांत एक असा आहे की ज्याच्या खिशात बेचकी असल्याचे गुरुजींना ठाऊक आहे. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसतो व वाचनात मागे आहे. टोळी गेल्यावर सर्वांची तोंडे वर असताना तोच एकटा सरळ समोर पाहत असतो आणि बोट न दाखविता, आवाज न करता, शेजाऱ्याच्या कोपराला हात लावतो. दहा-बारा पावलांवर, माणसाच्या उंचीहून थोड्या वरच्या फांदीवर, ताठ बसलेला एक पक्षी आहे. डोके काळे, छाती गर्द तांबडी, दोहोंच्या मध्ये पांढरी रेघ, शेपटी लांब. तो हलत नाही. बाकीच्या अकरा मुलांना तो दिसण्यास चांगली दोन मिनिटे लागतात. हा कर्णा. घनदाट रान सोडून तो सहसा बाहेर येत नाही, आणि हालचालीवर लक्ष ठेवणाऱ्या डोळ्यांना तो हमखास चुकवितो. बेचकीचा नेम धरणाऱ्या मुलाची नजर मात्र आकारावर असते. आबांनी कर्णा त्याच्या आधीच पाहिला होता, पण ते गप्प राहिले होते. गुरुजींनीही त्या दिवशी बेचकीचा उल्लेख केला नाही; पुढील फेरीला त्या मुलास पुढे चालण्यास सांगितले. बेचकी हिसकावून घेतली असती तर दुसरी तयार होण्यास अर्धा तासही लागला नसता.

वहीचे रकाने कसे असावेत, याविषयी शिक्षक विचारतात. साधे असावेत. वेळ, जागा व मजला, आकार, रंग, चोच व शेपटी, काय करीत होता, आवाज, आणि सर्वांत शेवटी, पेन्सिलीने, नाव. आकार इंचांत लिहू नये, त्याचा अंदाज हमखास चुकतो. चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा, घार ही पाच मापे मुलांच्या ओळखीची आहेत. ‘साळुंकीहून लहान’, ‘कावळ्याएवढा’ असे लिहावे. डॉ. सालिम अली यांनी १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकात अशाच ओळखीच्या पक्ष्यांची मापे वापरली, आणि आजही त्याहून सोयीची रीत सापडलेली नाही. नावाचा रकाना शेवटी ठेवण्याचे कारण उघड आहे. नाव आधी सुचले की डोळे काम करणे थांबवितात. मग मुलाला पक्ष्यावर तेच रंग दिसू लागतात, जे त्या नावाच्या चित्रात असतात.

गावातील नावे अवश्य टिपावीत. एकाच पक्ष्याला घाटावर एक, कोकणात दुसरे आणि धनगरवाड्यावर तिसरे नाव असते. ही नावे अडाणी समजून टाकून देण्यासारखी नाहीत. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांनी नोकरीच्या निमित्ताने रानावनांत हिंडताना तेथील लोकांच्या बोलीतील असंख्य शब्द गोळा केले आणि मराठीला पक्षिकोश दिला. मुलांच्या आजीआजोबांकडील नावे वहीत आली तर ते काम आपल्या गावापुरते पुढे जाते. चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधील आठवडा २०२० पासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्या सुमारास दिवाळीची सुट्टी येत असल्यास फेरी पुढे-मागे घेण्यास हरकत नाही, पक्ष्यांची त्याबद्दल तक्रार नसते.

मोबाइलविषयी दोन शब्द. आवाजावरून पक्ष्याचे नाव सांगणारी साधने आता अनेकांच्या हाती आहेत व ती उपयुक्तही आहेत. परंतु ती शाळेत परतल्यावर, नोंद पुरी झाल्यावर उघडावीत. भृंगराजाने जिथे माणसे फसतात, तिथे यंत्रही फसू शकते. आणि ध्वनिमुद्रित आवाज रानात वाजवून पक्ष्याला जवळ बोलावण्याचा प्रकार तर मुळीच करू नये. विणीच्या काळात पक्षी त्याला प्रतिस्पर्धी समजून घरटे सोडून धावत येतो, अंडी उघडी पडतात, आणि मुलांना थोडीशी गंमत मिळाल्याची किंमत त्याला मोजावी लागते. घरटे सापडल्यास लांबूनच पाहून लगेच दूर व्हावे, फांद्या बाजूला सारू नयेत, छायाचित्रासाठी झोत टाकू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्षी पकडणे, मारणे व त्यांची अंडी-घरटी नष्ट करणे हा गुन्हा ठरविला आहे, ही गोष्ट मुलांना धाकाच्या नव्हे तर माहितीच्या स्वरात सांगावी.

दहा वाजता सर्वजण परत फिरतात. वाटेत ‘टक्‌टक्‌टक्‌’ असा खडखडाट वरून येतो. दोघेजण वही काढतात आणि पानांतून शेकरूचे झुबकेदार शेपूट बाहेर येते. हसे होते, आणि तीही नोंद होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात ही सामग्री पुरविली तितकी पुरते. बारा वह्यांतील नोंदी फळ्यावर एकत्र करावयाच्या. एकच पक्षी सहा जणांनी सहा आकारांचा लिहिला असेल तर तो तसाच मांडावयाचा व चर्चा होऊ द्यावयाची. कोणत्या मजल्यावर किती पक्षी दिसले याचा आलेख गणिताच्या तासाला निघतो. मराठीच्या तासाला प्रत्येकाने एकाच पक्ष्याचे वर्णन त्याचे नाव न घालता लिहावे व दुसऱ्याने ओळखावे. निबंधाच्या नेहमीच्या विषयांपेक्षा हा बरा, कारण येथे पाठ केलेली वाक्ये चालत नाहीत.

या सर्व नोंदींची एक स्वच्छ प्रत शाळेच्या कपाटात ठेवावी आणि पुढील वर्गाने त्याच वाटेने, त्याच झाडांपाशी थांबत जावे. जूनमध्ये, पहिला जोराचा पाऊस होऊन गेल्यावर, ओढ्याच्या अलीकडच्या सुरक्षित काठावरून कस्तूराची शीळ ऐकण्यास एक फेरी काढावी. त्या वेळी जळवांसाठी मीठ बरोबर असू द्यावे. वहीत ७ वाजून ४० मिनिटांची ओळ आहे. तिच्या नावाच्या रकान्यात अजून काही लिहिलेले नाही. त्या पानाला मुलांनी पांगाऱ्याची एक वाळलेली पाकळी खूण म्हणून लावून ठेवली आहे.